चाकाचे भोक सरकले तेव्हा

हरीण बाण पाहून निसटत नाही. ते प्रत्यंचेचा आवाज ऐकून निसटते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. १९६० च्या सुमारास चांगल्या शिकारी धनुष्यातून सुटलेला बाण मात्र सेकंदाला जेमतेम ५५ ते ६० मीटर अंतर कापत असे. तीस मीटरवर चरणाऱ्या हरणाच्या कानी दोरीचा टणत्कार सेकंदाच्या दहाव्या भागात पोहोचे आणि बाणाला तिथवर जायला अर्धा सेकंद लागे. मधल्या क्षणात भेदरलेले जनावर उसळी घेण्यासाठी पाय दुमडून खाली दबे, बाण त्याच्या पाठीवरून सणसणत निघून जाई आणि पुढच्या निमिषात ते झाडीत दिसेनासे होई. नेम चुकलेला नसे, हातही हललेला नसे. शिकारी अर्ध्या सेकंदाच्या हिशेबात हरलेला असे.

अमेरिकेच्या मिझुरी राज्यातल्या रानात असे हरणारे अनेक होते. त्यांतलाच एक हॉलेस विल्बर ॲलन. १२ जुलै १९०९ रोजी जन्मलेल्या या माणसाला धनुष्यबाणाने हरणाची शिकार करण्याचा नाद होता. इतर शिकारी हात हलवत परतत, दैवाला बोल लावत आणि पुढच्या मोसमाची वाट पाहत. ॲलनने दैवाला बोल लावला नाही. त्याने धनुष्याला जाब विचारला. बाण याहून वेगाने का जात नाही? हा प्रश्न त्याने आपल्या घरच्या गॅरेजमध्ये नेला आणि उत्तर मिळेपर्यंत त्याची पाठ सोडली नाही.

प्रश्न नवा नव्हता. माणसाने धनुष्य वाकवले तेव्हापासून तो त्याच्यासोबत होता. सह्याद्रीतल्या भिल्ल-ठाकरांचा बांबूचा कामठा घ्या, इंग्लंडच्या तिरंदाजांचे ‘यू’ लाकडाचे पुरुषभर उंचीचे धनुष्य घ्या, की शिंग, लाकूड आणि स्नायूंचे तंतू एकत्र चिकटवून घडवलेले तुर्की धनुष्य घ्या, या सगळ्यांना एकच नियम बांधून ठेवत होता: दोरी जितकी मागे न्यावी तितके धनुष्य जड होत जाते. गालापाशी दोरी आली की बळ सर्वांत जास्त लागते, आणि नेम धरायचा क्षणही नेमका तोच. शरीर जेव्हा सर्वाधिक थरथरते तेव्हाच डोळ्याला सर्वाधिक स्थिर राहावे लागते. या पेचातून हजारो वर्षांत कोणत्याही कारागिराची सुटका झाली नव्हती.

अमेरिकेत तर धनुष्यावर नव्याने जीव लावणाऱ्यांची एक पिढीच उभी राहिली होती. १९११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाजवळ याही जमातीचा शेवटचा वंशज इशी भुकेने व्याकूळ होऊन लोकांसमोर आला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत त्याच्यावर उपचार करणारा शल्यविशारद डॉ. सॅक्स्टन पोप त्याचाच शिष्य झाला आणि त्याच्याकडून धनुष्य घडवायला, बाण तासायला, सावज हेरायला शिकला. १९१६ मध्ये इशी गेला, पण त्याची विद्या पोपने १९२३ मध्ये ग्रंथबद्ध केली आणि तिच्यातून धनुर्धारी शिकारीचे वेड देशभर पसरले. १९३४ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने केवळ धनुष्याने हरीण मारणाऱ्यांसाठी वेगळा मोसम उघडला. मिशिगनमध्ये फ्रेड बेअरने धनुष्यांचा कारखाना थाटला. लाकडाच्या पात्यांवर फायबरग्लासचे थर चढू लागले. डग ईस्टनने लाकडी बाणाच्या जागी ॲल्युमिनियमची सरळसोट नळी आणली. गोंद, लाकूड, दोरी, बाण, टोक यांतल्या प्रत्येक वस्तूवर कुणीतरी आयुष्य वेचले होते आणि प्रत्येक वस्तू सुधारलीही होती. फक्त तो जुना नियम जागचा हलला नव्हता.

ॲलननेही आधी याच वाटा तुडवल्या. रिकर्व्ह धनुष्याच्या, म्हणजे ज्याची टोके उलट दिशेला वळलेली असतात त्या धनुष्याच्या, रचनेत फेरफार करून बाणाला अधिक वेग देता येतो का हे तो पाहत राहिला. प्रत्येक वेळी तोच सापळा त्याच्यासमोर जबडा पसरून उभा राही. वेग हवा तर धनुष्य कडक करा. धनुष्य कडक केले की ते ताणून धरता येत नाही. दंड थरथरतो, बोटे घाई करतात आणि बाण भलतीकडे जातो. बरे, बाण हलका केला तर तो वेगाने जातो, पण जनावराच्या अंगात खोल शिरत नाही. एका बाजूने ओढावे तर दुसरी बाजू उसवते, अशी ती गाठ होती. धनुष्यांचे मोठे कारखाने, अनुभवी कारागीर आणि बळाचे आलेख काढणारे पदार्थवैज्ञानिक या साऱ्यांनी ती निसर्गाची मर्यादा म्हणून मान्य केली होती.

मग त्याचे लक्ष धनुष्याच्या पात्यांवरून दोरीकडे वळले. आजवर जो तो पात्यांचे लाकूड आणि त्यांचा बाक बदलत होता. दोरी मात्र दोन टोकांना मुकाट बांधलेली असे. तिच्या आणि टोकांच्या मध्ये एखादे यंत्र बसवले तर? माणसाच्या ओळखीचे एक जुने, साधे यंत्र म्हणजे कप्पी.

कप्पीचा धर्म पारनेरसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यातल्या माणसाला शिकवावा लागत नाही. तळ गाठलेल्या विहिरीतून पोहरा शेंदणाऱ्या हाताला तो ठाऊक असतो. कप्पी ओढण्याची दिशा बदलते. एकाऐवजी अनेक कप्प्या जोडल्या तर ओझे विभागले जाते, पण तितकाच अधिक दोर ओढावा लागतो. मोफत ती काहीच देत नाही, फक्त देवाणघेवाण करते. आणि एक गोष्ट तर विहिरीवरचे लहान पोरही सांगेल, की कप्पीचे भोक बरोबर मधोमध हवे. ते जरा जरी सरकलेले असेल तर चाक लंगडत फिरते, दोर हिसके खातो, ओढणाऱ्याच्या खांद्याला कधी जड तर कधी हलके लागते. असली कप्पी घडवणाऱ्या सुताराला गावात कोणी दुसरे काम देणार नाही.

धनुष्याच्या दोन्ही टोकांना चाके लावण्याचे ॲलनने ठरवले. त्याच्या आरंभीच्या नमुन्याची हकिगत धनुर्धरांच्या जगात आजही कौतुकाने सांगतात. मुठीसाठी पाइनच्या साध्या फळ्या, त्यांच्या दोन्ही अंगांना चिकटवलेले पातळ प्लायवूड, पात्यांच्या गाभ्यासाठी घराच्या जमिनीला वापरतात तसले ओकचे लाकूड आणि वरून फायबरग्लास. टोकांशी चाके आणि त्यांतून एका पात्याकडून दुसऱ्याकडे उलटसुलट ओवलेल्या तारा. पिढ्यान्‌पिढ्या धनुष्याची शोभा ज्या एका कमनीय वळणात होती, त्याचा मागमूस या वस्तूत नव्हता. ती सुताराच्या अवजारपेटीतून बाहेर पडलेली एखादी अर्धवट खटपट वाटत होती.

ॲलनने दोरी ओढली. चाके फिरली, तारा ताणल्या गेल्या, पाती वाकली. आणि निराशा पदरी पडली. भोक मधोमध असलेली ती गोल चाके इमानेइतबारे आपला धर्म पाळत होती. ती बळ इकडून तिकडे पोहोचवत होती, पण त्याचा स्वभाव बदलत नव्हती. दोरी मागे येई तसे धनुष्य जड होतच होते आणि गालापाशी सर्वाधिक जड होत होते. इतका खटाटोप, इतक्या तारा, इतके वजन, आणि पदरात पडले ते साध्या रिकर्व्हपेक्षा फारसे सरस नाही. सामान्य माणसाने इथे करवत खाली ठेवली असती.

पण शोधाच्या इतिहासात काही पावले अशी पडतात की ती लांबीने बोटभर असतात आणि परिणामाने युगाएवढी. ॲलनने चाक बदलले नाही, तार बदलली नाही, लाकूडही बदलले नाही. त्याने चाकाचे भोक मध्यापासून बाजूला सरकवले. विहिरीवर जो दोष ठरला असता तो त्याने हेतुपुरस्सर आपल्या यंत्रात आणला. चाक आता लंगडे झाले, आणि त्या लंगडेपणातच सारी जादू होती.

भोक एका कडेला असलेले चाक फिरते तेव्हा दोरीचे आसापासूनचे अंतर सतत बदलत राहते. ताण सुरू होताना दोरी आसाच्या जवळ असते. तिला आधार तोकडा मिळतो आणि धनुष्य झटकन जड होते. दोरी मागे येत जाते, चाक वळत जाते, तसा आस दोरीपासून लांब सरकतो. दोरीला लांब तरफ मिळते. उलट पात्याला ओढून धरणारी तार आसाजवळ येते. म्हणजे ज्या टप्प्यावर जुने धनुष्य सर्वांत जड व्हायचे, नेमक्या त्याच टप्प्यावर हे धनुष्य हलके होऊ लागते. पात्यांमध्ये शक्ती कोंडलेली तशीच असते, पण तिला थोपवून धरण्याचा भार माणसाच्या बोटांवरून उतरून चाकांच्या आसांवर गेलेला असतो.

हे धनुष्य पहिल्यांदा हाती घेणारा माणूस आजही चकित होतो. सुरुवातीला दोरी हट्टाने अडते, दंडाचे स्नायू फुगतात, पुढे याहून अवघड येणार म्हणून शरीर दात-ओठ खाऊन सज्ज होते, आणि अचानक समोरचा प्रतिकार ढळतो. एखाद्या अदृश्य साहाय्यकाने मागून हात लावावा तशी दोरी गालापाशी अलगद येऊन विसावते. हजारो वर्षांचा तो नियम बोटांखाली मोडलेला जाणवतो. स्वतः ॲलनच्या हातांनी तो ज्या घटकेला जाणला असेल, ती घटका धनुर्विद्येच्या इतिहासाची दुभंगरेषा होय.

या यशात एक गंमत दडलेली होती. ॲलन निघाला होता वेगाच्या शोधात. वेग त्याला मिळालाच, कारण धनुष्य मधल्या सगळ्या टप्प्यात पूर्ण जोराने ताणले जात असल्याने पात्यांत अधिक ऊर्जा साठत होती आणि सुटताना ती बाणाला मिळत होती. पण वेगासोबत त्याने मागितलेलीच नव्हती अशी एक गोष्ट हाती आली, ती म्हणजे स्थिरता. पूर्ण ताणलेले धनुष्य धरून माणूस आता श्वास आवरू शकत होता, वाऱ्याचा अंदाज घेऊ शकत होता, सावज वळेपर्यंत थांबू शकत होता. आरंभी हा दिलासा बेताचा होता. आजच्या धनुष्यांत तो सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत पोहोचला आहे. खेळाडू त्याला ‘लेट-ऑफ’ म्हणतात. पंचवीस किलोंच्या ताणाचे धनुष्य, आणि नेम धरताना बोटांवर उरतात पाच-सात किलो.

२३ जून १९६६ रोजी ॲलनने पेटंटसाठी अर्ज दाखल केला. सत्तावन्नावा वाढदिवस एकोणीस दिवसांवर आला होता. ज्या वयात माणसांना निवृत्तीचे वेध लागतात त्या वयात हा शिकारी आपल्या आयुष्यातल्या सर्वांत अवघड शिकारीला निघाला होता; आता त्याला गिऱ्हाईक शोधायचे होते.

धनुष्य बनवणाऱ्या कारखानदारांनी पाठ फिरवली. त्यांच्या दृष्टीने ही वस्तू कुरूप होती, गुंतागुंतीची होती आणि धनुष्य या नावाला कलंक होती. तारा, चाके, खिळे, पट्ट्या! धनुष्य म्हणजे एक काठी आणि एक दोरी. साधेपणा हेच त्याचे सौंदर्य. ज्यांनी आयुष्यभर लाकडाच्या वळणावर प्रेम केले त्यांना या सांगाड्यात प्रेम करण्याजोगे काही दिसेना. उपेक्षेच्या या भिंतीत एकच झरोका उघडला, कॅलिफोर्नियातल्या टॉम जेनिंग्जचा. तो स्वतः नाणावलेला धनुष्यकार होता आणि धनुर्विद्येच्या एका नियतकालिकासाठी नवनव्या साधनांची तांत्रिक परीक्षाही करी. ॲलनचे बेढब धनुष्य त्याच्याकडे आले. कारागिराच्या डोळ्याने पाहिले असते तर त्यानेही नाक मुरडले असते. पण त्याने परीक्षकाच्या डोळ्याने पाहिले, बाण सोडून पाहिले, मोजून पाहिले. मोजमापाला रूपाशी देणेघेणे नसते. हे धनुष्य आपल्या बळाच्या इतर धनुष्यांपेक्षा बाण जोराने फेकत होते, ही गोष्ट जेनिंग्जला नाकारता आली नाही.

जेनिंग्जने परवाना घेतला आणि या धनुष्याच्या बाळव्याधी दूर करण्यामागे तो हात धुऊन लागला. तारा झिजत, चाके आपापल्या लयीत फिरत आणि एकमेकांना चुकत, सारा सांगाडा जरा कुरकुरला की नेम बिघडे. दोष सापडे, सुटे, नवा सापडे. कल्पना ॲलनची होती. ती सामान्य शिकाऱ्याच्या खांद्यावर विसावेल अशी वस्तू होण्यात जेनिंग्जच्या चिकाटीचा वाटा मोठा. ३० डिसेंबर १९६९ रोजी ॲलनला अमेरिकेचे ३४८६४९५ क्रमांकाचे पेटंट मिळाले. त्याचा मथळा ताणाचे बळ वाढवणाऱ्या जोडणीविषयी बोलतो. शोधकर्त्याचे मन तेव्हाही वेगावरच खिळलेले होते.

पुढचा झगडा लाकडाशी नव्हता, माणसांशी होता. हे धनुष्यच नव्हे, यंत्र आहे, अशी ओरड झाली. काही स्पर्धांनी त्याला दार बंद केले, काही राज्यांच्या शिकार-नियमांनी ते बाहेर ठेवले. धनुर्धारी शिकारीचा अध्वर्यू फ्रेड बेअर स्वतः आपल्या जुन्या रिकर्व्हशीच एकनिष्ठ राहिला, जरी त्याच्या कारखान्याला नवी धनुष्ये बनवावीच लागली. कारण रानातला निकाल लागत चालला होता. ज्यांचे खांदे थकले होते, ज्यांना कडक धनुष्य पेलत नव्हते, ज्यांना सरावाला वेळ कमी होता, असे हजारो लोक या कुरूप वस्तूकडे वळले. १९७० चे दशक सरेपर्यंत अमेरिकेच्या बाजारात ॲलनच्या या धनुष्याने, म्हणजेच कंपाउंड धनुष्याने, जुन्या सर्व प्रकारांना मागे टाकले होते.

यशाबरोबर न्यायालयाचे खेटेही आले. कालपर्यंत हसणारे कारखानदार आज तीच चाके लावून धनुष्ये विकू लागले. स्वामित्वधनाच्या वादात ॲलन आणि जेनिंग्ज हे एकेकाळचे सोबती परस्परांसमोर उभे ठाकले आणि जेनिंग्जचा व्यवसाय पुढे बेअरच्या कंपनीकडे गेला. मिझुरीतल्या बिलिंग्ज गावी ॲलनची छोटी कंपनी आपला हक्क लढवत राहिली. लढ्याचा शेवट पाहणे मात्र ॲलनच्या नशिबी नव्हते. २८ जून १९७९ रोजी मोटारींच्या टकरीत त्याचा अंत झाला; सत्तरीला दोन आठवडे उरले होते. १९८७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल अपील न्यायालयाने त्याचे पेटंट वैध असल्याचा निर्वाळा दिला. तोवर त्या पेटंटची सतरा वर्षांची मुदतही संपून गेली होती.

शोधाचा प्रवास शोधकर्त्याच्या मरणाने थांबला नाही. उलट त्याने वाट बदलली. १९९५ मध्ये जाकार्ता येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत कंपाउंड धनुष्याला प्रथम प्रवेश मिळाला, २०१४ मध्ये इंचिऑनच्या आशियाई क्रीडा स्पर्धांत. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला मज्जाव केला आहे. कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीचे काळवीट आज अभयारण्यात निर्धास्त चरते. हरणासाठी जन्मलेले हे धनुष्य आपल्याकडे आले ते थेट मैदानावर. पन्नास मीटरवरच्या कागदी लक्ष्याकडे, ज्याचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे आठ सेंटीमीटर रुंद असते.

साताऱ्यात पोलीस खात्यात नोकरी करणारे प्रशिक्षक प्रवीण सावंत यांच्या हाताखाली मुले या धनुष्यावर घडू लागली. त्यांत साताऱ्याजवळच्या शेरेवाडीतल्या शिक्षकाची मुलगी अदिती स्वामी होती आणि नागपूरहून आलेला ओजस देवतळेही होता. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली. ४ ऑगस्टला ज्योती सुरेखा वेन्नम, परनीत कौर आणि अदिती यांच्या संघाने मेक्सिकोला हरवून भारताला या स्पर्धेतले पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. दुसऱ्या दिवशी सतरा वर्षांची अदिती मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेर्राविरुद्ध अंतिम सामन्यात उभी राहिली. पंधरा बाण, कमाल १५० गुण. अदितीने १४९ घेतले, प्रतिस्पर्धिनीने १४७. वैयक्तिक जागतिक अजिंक्यपद जिंकणारी ती पहिली भारतीय ठरली. काही तासांतच ओजसने अंतिम फेरीत पंधराच्या पंधरा बाण दहाच्या वर्तुळात रोवले आणि १५० विरुद्ध १४९ असा विजय खेचून आणला.

या गुणांकडे बारकाईने पाहिले तर ॲलनच्या शोधाचा खरा अर्थ उलगडतो. पन्नास मीटरवरचा कागद आवाज ऐकून दबत नाही. त्याच्यासाठी अर्ध्या सेकंदाची शर्यत निरर्थक आहे. बर्लिनमध्ये निकाल लावला तो दोरी गालाशी आल्यानंतरच्या त्या काही स्थिर सेकंदांनी, बळाचे ओझे उतरल्यावर फक्त मन आणि डोळा उरतो त्या अवस्थेने. धनुष्य पेलायला पूर्वी जी ताकद लागायची ती सतरा वर्षांच्या मुलीकडे नसती तरी चालले असते, कारण चाकांनी तिचा भार उचललेला होता. ॲलनने ज्यासाठी जिवाचे रान केले तो वेग शिकाऱ्यांच्या कामी आला. अनपेक्षितपणे गवसलेली स्थिरता मात्र साऱ्या जगाच्या कामी आली.

ऑलिंपिकचे दार या धनुष्याला फार काळ बंद राहिले. १९७२ पासून तिथे अखंड रिकर्व्हचेच राज्य आहे. एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने निर्णय घेतला, की २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेत कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा होईल. कॅलिफोर्निया हे इशीचेही राज्य आणि जेनिंग्जचेही. ॲलनने पेटंटचा अर्ज केला त्याला तेव्हा बासष्ट वर्षे झालेली असतील, आणि ज्या यंत्राला धनुष्य म्हणायलाच लोक तयार नव्हते त्याच्यासाठी सुवर्णपदक मांडलेले असेल.